हात आत जाऊच नये अशी सोय: पॉवर प्रेसवरचा धोका कसा ओळखायचा, कसा आवरायचा

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीतलं गाड्यांचे सुटे भाग करणारं प्रेस शॉप घ्या. कामाची रीत एकच. पत्र्याचा तुकडा उचलायचा, डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर बसवायचा, हात बाहेर, पायाने पेडल दाबायचं. रॅम, म्हणजे यंत्राचा वर-खाली होणारा जड भाग, खाली येतो, त्याला बसवलेला पंच पत्रा कापतो किंवा वाकवतो, रॅम वर जातो. तयार भाग काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. तासाला चारशे भाग ही काही फार मोठी मागणी नाही. जेवण-चहा वजा जाता एका पाळीत तीन हजार धरा, महिन्याचे पंचवीस दिवस धरा. एका माणसाचा हात महिन्याला ७५,००० वेळा आणि वर्षाला ९ लाख वेळा पंच आणि डायच्या मधल्या जागेत जाऊन येतो.

आता समजा, हा माणूस इतका एकाग्र आहे की त्याच्या हाताचा आणि पायाचा मेळ लाखात एकदाच चुकतो. इतकं बिनचूक काम आपल्यापैकी कुणीही कशातच करत नाही. तरी हिशेबाने तो वर्षात नऊ वेळा चुकणार. बहुतेक वेळा हात थोडक्यात निसटेल. एखाद्या वेळी निसटणार नाही. मग अपघाताच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं जाईल, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

लाखात एकदा चुकणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. तो चुकणार हे आधीपासून माहीत होतं आणि तरी त्याचा हात रोज तीन हजार वेळा तिथे जाऊ दिला, हा खरा मुद्दा आहे. कामाच्या जागचे धोके ओळखायचे आणि जोखीम आवरायची, यावर जाडजूड फाइली असतात, आयएसओ ४५००१ सारखी मानकं असतात, रंगीत तक्ते असतात. त्या सगळ्याचा गाभा मात्र एका प्रेससमोर उभं राहून समजून घेता येतो. आपल्याकडे बोटं जाण्याचे सर्वात जास्त प्रसंग जिथे घडतात त्यातलं हे एक यंत्र आहे. मानेसर-फरिदाबादच्या वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. हात चेंगरण्याच्या घटनांमध्ये पॉवर प्रेसचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येतं.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते न समजता लिहिलेला सुरक्षेचा कागद वाया जातो.

यांत्रिक प्रेसमध्ये मोटार फ्लायव्हील नावाच्या एका जड चाकाला सतत फिरवत ठेवते. पेडल दाबलं की क्लच फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडतो, शाफ्ट एक फेरा घेतो, रॅम खाली येऊन वर जातो, क्लच सुटतो आणि ब्रेक शाफ्टला वरच्या टोकाशी थांबवतो. मिनिटाला ६० स्ट्रोकची, म्हणजे रॅमच्या ६० खाली-वर फेऱ्यांची प्रेस असेल तर पूर्ण फेऱ्याला एक सेकंद लागतो. खाली यायला अर्धा सेकंद. डोळ्याने पाहून, मेंदूने ठरवून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे ‘अरे, रॅम आला’ असं लक्षात येऊन हात हलू लागेपर्यंत रॅमचा खाली यायचा निम्मा वेळ संपलेला असतो. ‘लक्ष देऊन काम करा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो तो यामुळे. लक्ष असूनही शरीराला तेवढा वेळच मिळत नाही.

दुसरी गोष्ट क्लचची. जुन्या आणि स्वस्त प्रेसवर रोलिंग की क्लच असतो. त्यातली चावी एकदा शाफ्टच्या खाचेत बसली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्ये काहीही झालं, लाल बटण दाबलं, मेन स्विच पाडला, तरी रॅम खाली जाऊनच वर येणार. हवेच्या दाबावर चालणारा फ्रिक्शन क्लच असलेली प्रेस मात्र स्ट्रोकच्या मध्येच थांबवता येते. हा फरक नीट लक्षात ठेवायचा, कारण पुढे कुठला उपाय चालेल आणि कुठला नुसता शोभेचा ठरेल ते यावर ठरतं.

धोका आणि जोखीम

इजा करू शकेल अशी कुठलीही गोष्ट म्हणजे धोका. खाली येणारा रॅम, पत्र्याची धारदार बर (कापलेल्या कडेला उरलेली कुसळं), तेल सांडलेली फरशी, क्रेनला लटकलेली डाय. त्या धोक्यापासून कुणाला, किती वेळा, किती गंभीर इजा होण्याची शक्यता आहे, ती जोखीम. बंद कपाटातल्या पिंपात ॲसिड आहे तेव्हा धोका आहे; तेच ॲसिड रोज हाताने मगात ओतून घेतात तेव्हा जोखीम वाढली. प्रेस विकून टाकल्याशिवाय रॅमचा धोका जाणार नाही. हात तिथे पोचणारच नाही असं केलं तर जोखीम जवळजवळ संपते. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

धोका टेबलावर बसून सापडत नाही

बऱ्याच ठिकाणी धोक्यांची यादी ऑफिसात बसून भरली जाते. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, सही. त्या यादीत ‘पॉवर प्रेस: हात अडकण्याचा धोका’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण हात *केव्हा* आणि *कशासाठी* आत जातो हे त्यात नसतं.

त्यासाठी प्रेसजवळ उभं राहावं लागतं, तेही घाईत नाही. पहिली काही मिनिटं प्रत्येक ऑपरेटर शिस्तीत काम करतो, कारण कुणीतरी बघत असतं. थोड्या वेळाने त्याची खरी लय सुरू होते. तेव्हा दिसू लागतं. दर वीस-पंचवीस भागांनंतर एखादा भाग पंचाला चिकटून वर जातो आणि तो बोटाने खाली ओढावा लागतो. तेल कमी पडलं की भाग जास्त चिकटतात. लोकेटिंग पिन झिजली आहे, त्यामुळे पत्रा नीट बसला की नाही हे बोटाने चाचपून पाहावं लागतं. स्क्रॅप डायच्या कडेला साठतं आणि ते हातानेच झटकलं जातं. यातलं एकही काम ‘कामाच्या पद्धती’च्या कागदावर नसतं, आणि बोटं बहुतेक अशाच कामांत जातात.

ऑपरेटरशी बोलताना ‘काही धोका वाटतो का?’ असं विचारलं तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘कुठल्या जॉबला हात सगळ्यात जास्त आत घालावा लागतो?’, ‘कुठली प्रेस मध्येच आपोआप उतरते?’, ‘कुठल्या डायवर बसायला सगळे नको म्हणतात?’ असे प्रश्न विचारावेत. शॉपमधल्या प्रत्येकाला ती प्रेस माहीत असते. ‘तीन नंबर मधूनच डबल मारते’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सगळ्यांनी ऐकलेलं असतं, फक्त कागदावर आलेलं नसतं.

हा डबल स्ट्रोक म्हणजे प्रेसवरचा सर्वात वाईट धोका, कारण त्यात माणसाची काहीच चूक नसते. पेडल एकदाच दाबलं, रॅम खाली येऊन वर गेला, माणसाने भाग काढायला हात घातला आणि रॅम पुन्हा उतरला. क्लचच्या चावीची कड झिजलेली असते, तिला मागे ओढणारी स्प्रिंग मोडलेली असते, नाहीतर ब्रेक सैल झालेला असतो. चांगली बाब अशी की यंत्र याची सूचना आधी देतं. शाफ्टच्या टोकावर आणि बॉडीवर समोरासमोर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्यायचा, रॅम वरच्या टोकाशी थांबला की दोन्ही जुळतील असा. ब्रेक सैल होऊ लागला की शाफ्टवरचा ठिपका रोज थोडा थोडा पुढे जाऊन थांबू लागतो. पाळी सुरू होताना एक रिकामा स्ट्रोक मारून ठिपका पाहायचा. तो पुढे सरकलेला दिसला तर ब्रेक आणि क्लच तपासून झाल्याशिवाय त्या प्रेसवर उत्पादन घ्यायचं नाही. रंगाच्या दोन ठिपक्यांनी आठवडाभर आधी कळू शकणारी गोष्ट आपण बोट गेल्यावर का शोधतो, हे मला खरंच कळत नाही.

उत्पादन चालू असतानाच नुसतं पाहून भागत नाही. डाय बदलताना पाहा, मेंटेनन्सवाले आत हात घालतात तेव्हा पाहा, रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास पाहा, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसांत डिस्पॅचची घाई असते तेव्हा आवर्जून पाहा. डाय सेटिंगमध्ये वेगळाच धोका असतो: मोटार बंद केली तरी जड फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्या फिरण्यातही एक स्ट्रोक मारण्याइतकी ताकद असते. शिवाय रॅमचं स्वतःचं वजन आहे, हवेच्या टाकीतला दाब आहे. ‘स्विच बंद आहे’ म्हणजे ‘यंत्र मेलं आहे’ असं होत नाही.

पेडलही खाली वाकून पाहण्यासारखं असतं. त्याला वरून झाकण आहे का? नसेल तर हातातून निसटलेला जड भाग पेडलवर पडला तरी रॅम उतरतो. मोठ्या पत्र्याला दोन माणसं लागतात, एक पुढून ढकलतो, एक मागून ओढतो, आणि पेडल एकाच्याच पायाशी. मागच्याचा हात बाहेर आला की नाही हे पुढच्याला दिसत नाही.

आकड्यांचा तक्ता, आणि त्याचा गैरवापर

धोके सापडले की कशाला आधी हात घालायचा हे ठरवावं लागतं. त्यासाठी कारखान्यांत एचआयआरए (धोका ओळखणं आणि जोखीम ठरवणं) नावाचा तक्ता भरतात. इजा किती गंभीर होऊ शकते याला १ ते ५ गुण, ती होण्याची शक्यता किती याला १ ते ५ गुण, दोन्हींचा गुणाकार. २५ म्हणजे लाल, काम थांबवा. ४ म्हणजे हिरवं, चालू द्या. कल्पना चांगली आहे. पत्र्याच्या बरीने हात कापणं जवळजवळ रोज घडतं, पण पट्टीने भागतं. प्रेसखाली हात जाणं क्वचित घडतं, पण आयुष्य बदलतं. गुणाकारामुळे दोन्हींना आपापली जागा मिळते.

गंभीरपणाचा अंदाज यावा म्हणून नुकसानभरपाईच्या कायद्यातली टक्केवारी एकदा डोळ्यांखालून घालावी. कमाईची क्षमता किती कमी झाली असं धरायचं ते तिथे ठरवून दिलेलं आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट गेलं तर १४, त्याचं नुसतं टोकाचं पेर गेलं तर ९. मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. हा झाला कायद्याचा हिशेब. प्रेस ऑपरेटरच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली की त्याला पुन्हा ऑपरेटर म्हणून कोण घेणार, हा प्रश्न त्या टक्केवारीत बसत नाही.

गैरवापर कुठे होतो? शक्यतेच्या रकान्यात. ‘आमच्याकडे पाच वर्षांत एकही अपघात नाही, म्हणून शक्यता १.’ ५ गुणिले १ बरोबर ५, हिरवं, पुढचं पान. पण शक्यता ठरते ती हात किती वेळा आत जातो, यंत्र किती झिजलं आहे आणि मध्ये अडथळा काय आहे यावरून. पाच वर्षांत अपघात झाला नाही यावरून एवढंच कळतं की आतापर्यंत झाला नाही. शिवाय ‘झाला नाही’ हेही नेहमी खरं नसतं. गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ लिहिलेला मोठा बोर्ड आणि त्यावर बक्षीस असलं की छोट्या इजा खासगी दवाखान्यात गुपचूप शिवल्या जातात. ४८ तास किंवा त्याहून अधिक गैरहजेरी झाली तर अपघात सरकारला कळवावा लागतो, म्हणून पट्टी बांधलेल्या माणसाला कामावर बोलावून खुर्चीवर बसवून ठेवण्याचे प्रकारही होतात. असा बोर्ड मी तरी काढून टाकेन. त्याऐवजी ‘या महिन्यात थोडक्यात वाचलेल्या किती घटना कळल्या आणि त्यातल्या कितींवर काम झालं’ असा बोर्ड लावावा. तो आकडा मोठा असणं ही चांगली बातमी आहे.

उपायांची उतरंड

सगळे उपाय सारख्या ताकदीचे नसतात, हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा धडा. वरून खाली क्रम असा लागतो: धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची पद्धत आणा, नाहीतर यंत्रातच अडथळा बसवा, त्यानंतर नियम, प्रशिक्षण, पाट्या, आणि सर्वात शेवटी अंगावर घालायची साधनं. आपल्याकडे सुरुवात नेमकी खालून होते. अपघात झाला की पहिली खरेदी हातमोज्यांची.

हातमोज्याचं खरं बोलायचं तर बरीपासून तो वाचवतो, म्हणून हवाच. चाळीस-पन्नास टनांच्या रॅमपुढे त्याचा काहीच उपयोग नाही. आणि ड्रिल किंवा लेथसारख्या फिरत्या यंत्रावर तर तो घालूच नये, कारण कापड फिरत्या भागात अडकलं की मोज्यासकट हात ओढला जातो. एकच साधन एका यंत्रावर मदत करतं आणि शेजारच्या यंत्रावर घात करतं.

आता उतरंडीच्या वरच्या टोकाकडे जाऊ. प्रेसवर धोका काढून टाकणं म्हणजे हात आत जायची गरजच संपवणं. एकाच भागाची भरपूर संख्या असेल तर कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून पट्टी आपोआप सरकवणारा फीडर आणि टप्प्याटप्प्याने भाग पूर्ण करणारी प्रोग्रेसिव्ह डाय वापरता येते. माणूस बाजूला उभा राहून लक्ष ठेवतो. ते महाग आहे, दर महिन्याला जॉब बदलणाऱ्या छोट्या युनिटला परवडणारं नाही. पण मधले मार्ग बरेच आहेत. बाहेर सरकणारी डाय, जिच्यावर पत्रा बाहेरच बसवून ती आत ढकलता येते. उतरत्या घसरगुंडीवरून भाग आपोआप डायवर जाणं. तयार भाग हवेच्या फवाऱ्याने किंवा स्प्रिंगच्या इजेक्टरने बाहेर फेकणं. भाग पंचाला चिकटतो म्हणून हात जातो ना, मग डायमध्ये चांगला स्ट्रिपर, म्हणजे पंचावरून भाग सोडवणारा भाग बसवा, हात जायचं कारणच जाईल. यातल्या कितीतरी गोष्टी टूलरूममधला अनुभवी फिटर स्वतः करू शकतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

रॅम वर असताना पंच आणि डायमधलं अंतरच ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवता आलं तर बोटाचं टोक आत शिरत नाही. पातळ पत्र्यातून सपाट तुकडे कापायच्या कामाला (ब्लँकिंग) हे कधी कधी जमतं, आणि जमतं तिथे यासारखा बिनखर्चाचा उपाय नाही.

ते नसेल तर गार्ड. डायभोवती जाळी किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पेटी, पत्रा जाईल एवढीच फट. भारतात कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २१ ने हेच सांगितलं होतं: यंत्राचे धोकादायक भाग भक्कम कुंपणाने झाकलेले हवेत आणि भाग चालू असताना ते कुंपण जागेवर हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. धोका नसलेली जागा देण्याची मालकाची जबाबदारी तिच्यातही आहेच.

मग गार्ड काढून कोपऱ्यात का पडलेले दिसतात? इथे ओरडण्याआधी विचारावं. बहुतेक वेळा उत्तर गार्डमध्येच असतं. जाळी इतकी बारीक आणि काळवंडलेली, की डायवर पत्रा बसला की नाही दिसत नाही. फट इतकी अरुंद, की पत्रा दर वेळी अडतो आणि टार्गेट बुडतं. डाय बदलताना सहा बोल्ट काढावे लागतात, म्हणून डाय बसवणाऱ्या सेटरने एकदा काढला तो परत लावलाच नाही. ज्या गार्डने काम अवघड होतं तो टिकत नाही, माणूस कितीही शहाणा असला तरी. गार्ड करताना ऑपरेटर आणि सेटर दोघांना बोलवा, पटकन उघडणारी बिजागरी द्या, आणि दार उघडं असेल तर स्ट्रोक लागूच नये असा इंटरलॉक बसवा.

दोन हातांची बटणं हा दुसरा मार्ग. दोन्ही हात बटणांवर असतील तर आत कुठलाच असू शकत नाही. पण बटणं नीट बनवलेली हवीत. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक लागला पाहिजे आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा लागता कामा नये. नाहीतर एका बटणावर चिकटपट्टी लावून दुसऱ्याने काम चालू होतं. दोन्ही बटणं एका हाताच्या पंजात किंवा एक हाताने, दुसरं कोपराने दाबता येतील इतकी जवळही नकोत. आणि ही बटणं ज्याच्यासमोर आहेत त्याचेच हात वाचतात. मागे हेल्पर असेल तर त्याला स्वतःची बटणांची जोडी हवी.

लाइट कर्टनबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण यात पैसे जातात आणि खोटा धीर मिळतो. समोर अदृश्य किरणांचा पडदा असतो, हात शिरला की प्रेस थांबते. *थांबते* हा शब्द महत्त्वाचा. रोलिंग की क्लचची प्रेस मध्ये थांबूच शकत नाही, तिच्यावर लाइट कर्टन लावणं म्हणजे पैसे घालवून फसवणूक विकत घेणं. फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर तो उत्तम आहे, पण अंतर मोजून बसवला तरच. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या सूत्रात हाताचा वेग सेकंदाला ६३ इंच, म्हणजे सुमारे १.६ मीटर धरतात. प्रेस पूर्ण थांबायला पाव सेकंद घेत असेल तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे पडदा डायपासून किमान तेवढ्या लांब हवा, शिवाय थोडी जास्तीची जागा. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, आणि काल पुरेसं असलेलं अंतर आज अपुरं पडतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजायलाच हवा. पडदा लांब बसवल्यावर त्याच्या आणि डायच्या मध्ये माणूस उभा राहू शकतो का, बाजूने किंवा खालून हात जातो का, हेही पाहायचं.

जुनी प्रेस, छोटा जॉब, आज खर्चाला पैसे नाहीत, अशा ठिकाणी निदान लांब चिमटा किंवा मॅग्नेटची दांडी द्यावी. चिमटा मऊ धातूचा असावा, म्हणजे चुकून आत राहिला तर चिमटा चेंगरेल आणि डाय वाचेल. हा तात्पुरता उपाय आहे. सलग तीन वर्षं ‘तात्पुरता’ चालू राहिला तर तो उपाय राहत नाही.

डाय बदलताना

सेटिंगसाठी वेगळी शिस्त लागते, आणि ती नियमांच्या पायरीवरची असली तरी तिला पर्याय नाही. मोटार बंद करायची, मेन स्विच पाडायचा, त्याला *स्वतःचं* कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. स्विचला ‘काम चालू आहे’ अशी नावानिशी पाटी. हवा सोडून द्यायची. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे रॅमला खाली येऊ न देणारा ठोकळा लावायचा, त्यानंतर हात आत. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. पाळी संपून तो घरी गेला म्हणून तोडायचं नाही. सेफ्टी ब्लॉकला साखळीने एक प्लग जोडावा, जो काढल्याशिवाय ब्लॉक लावता येत नाही आणि जो परत लावल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. म्हणजे ब्लॉक आत विसरून प्रेस चालू होणं अशक्य.

प्रशिक्षणाचं थोडक्यात. कंत्राटाने आलेला मुलगा सोमवारी गेटवर येतो, मंगळवारी हेल्पर असतो, गुरुवारी ऑपरेटर रजेवर म्हणून पेडलवर त्याचाच पाय असतो. हे थांबवायचं तर प्रत्येक प्रेसवर ‘हिच्यावर कोण बसू शकतो’ याची फोटोसह यादी लावा आणि पेडल चालू-बंद करणारा सिलेक्टर चावीवर ठेवा, चावी सुपरवायझरकडे. सूचना त्याच्या भाषेत हव्यात. पुण्याच्या पट्ट्यात मराठवाड्याबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलंही काम करतात. त्यांच्यासमोर इंग्रजी पाटी लावणं म्हणजे न लावणंच.

‘चूक कुणाची’ या प्रश्नाचा तोटा

१९३१ साली अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी विम्याचे दावे आणि कारखान्यांतले अहवाल तपासून मांडलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा आजही प्रशिक्षणाच्या स्लाइडवर भेटतो. पण ज्या कागदांवरून तो काढला त्यातले बरेचसे सुपरवायझर आणि मालकांनी लिहिलेले होते. पुढच्या अभ्यासकांनी यावर जोरदार टीका केली, आणि ती रास्त आहे. कारण ‘माणूस चुकला’ इथे चौकशी थांबली की यंत्र तसंच राहतं आणि त्या जागी दुसरा माणूस बसतो.

चौकशी पुढे न्यायची. हात आत का गेला? भाग चिकटला होता. का चिकटला? स्ट्रिपरची स्प्रिंग मोडली होती. माहीत होतं का? आठ दिवसांपासून. मग डाय दुरुस्तीला का नाही गेली? बदली डाय नव्हती आणि डिस्पॅच थांबला असता. आता खरा निर्णय कुठे झाला ते दिसतं, आणि तो ऑपरेटरच्या पायाने घेतलेला नव्हता. कंत्राट देणाऱ्या मोठ्या कंपनीने दर किती ठेवला, डाय कुणाची, तिच्या देखभालीचा खर्च कोण देतो, इथपर्यंत धागा जातो. सुरक्षा अधिकारी नेमणं जुन्या कायद्यात १००० कामगारांच्या कारखान्याला बंधनकारक होतं, नव्या संहितेत ५०० आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० ला. प्रेसचं काम मात्र मोठ्या प्रमाणावर वीस-तीस माणसांच्या जॉबवर्क युनिटांत होतं, जिथे हे पद नसतंच. म्हणून भाग विकत घेणाऱ्या कंपनीने पुरवठादाराकडे नुसती गुणवत्ता न तपासता प्रेसवरचे गार्डही तपासले, तर त्याचा परिणाम कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त होईल असं माझं ठाम मत आहे.

कामगारालाही हक्क आहे. गंभीर इजेची नजीकची भीती वाटत असेल तर ती मालकाला थेट किंवा सेफ्टी कमिटीतल्या सदस्यामार्फत कळवण्याचा, आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क नव्या संहितेने दिला आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. सांगायचं ते लेखी सांगावं, तारीख घालून, प्रेसचा नंबर घालून, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. ‘तीन नंबर डबल मारते’ हे असं कागदावर आलं की मला माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येत नाही.

इतकं करूनही इजा झालीच तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं, कारण त्या क्षणी कुणाला काही सुचत नाही. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यायचा आणि हात वर धरायचा. तुटलेलं बोट शोधायचं, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. त्याने पेशी मरतात आणि जोडण्याची संधी जाते. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया जवळ कुठल्या रुग्णालयात होते, तिथे रात्री कोण असतं, गाडी कुणाची, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर कुठे लिहिलेला आहे, ही माहिती प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी आणि फोन नंबर चालू आहेत ना ते दर महिन्याला लावून पाहावेत.